पूर्ण समर्पण आणि मनुष्याची इच्छा

आत्मिक जागृतीच्या सभांत अखेरच्या रात्री सर्वस्व प्रभूला वाहण्याचे आवाहन केले जाते आणि पुष्कळ जण अश्रू ढाळीत पुढे येतात. त्या अश्रूंच्या खरेपणाविषयी आम्हांला शंका नाही. अडचण उद्भवते ती पुढे. मूल आजारी असलेली एखादी आई पाळकाकडे किंवा धर्मशिक्षकाकडे येते आणि विचारते, "मी सर्व काही देवाच्या हाती दिले आहे, मग हे मूल बरे व्हावे म्हणून प्रार्थना करणे म्हणजे दिलेले परत मागणेच नाही काय?" कित्येकदा तिला उत्तर मिळते की, समर्पण खरे झाले असते तर अशी इच्छा मनात उरलीच नसती. उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वासनेचा क्षय, निरिच्छ वृत्ती हे शब्द आपल्या लोकांच्या कानी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. त्यामुळे 'समर्पण' म्हणताच इच्छेचे विसर्जन असाच अर्थ सहज घेतला जातो. परंतु ही ख्रिस्ती शिकवण नव्हे.

गेथशेमाने बागेतील प्रसंग पाहावा. मार्काच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू पित्याला 'अब्बा' म्हणून हाक मारतो, पित्याला सर्व शक्य आहे असे म्हणतो, आणि हा प्याला आपल्यापासून दूर करावा अशी स्पष्ट मागणी करतो. त्यानंतरच तो पित्याची इच्छा पुढे ठेवतो. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे त्याने ही प्रार्थना तीन वेळा केली. मागणी आधी आहे, स्वाधीन होणे नंतर आहे, आणि दुसऱ्या वाक्याने पहिले वाक्य खोटे ठरत नाही. प्रभूला मरण नको होते, हे सुवार्तेत झाकून ठेवलेले नाही.

प्राचीन मंडळीला या प्रसंगावरून मोठा लढा द्यावा लागला. इ. स. ४५१ च्या खल्कदोन येथील परिषदेचा निर्णय पूर्वेकडील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी स्वीकारला नव्हता. सातव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांना साम्राज्याच्या रक्षणासाठी त्या लोकांशी ऐक्य हवे होते. म्हणून ख्रिस्ताचे स्वभाव दोन असले तरी त्याची इच्छा एकच आहे, असे सूत्र पुढे आले, इ. स. ६३८ मध्ये सम्राट हेराक्लियसने तसा जाहीरनामाच काढला. संत मॅक्सिमस यांनी त्याला विरोध केला. त्यांचा आधार होता गेथशेमाने. ख्रिस्ताच्या ठायी मानवी इच्छाच नसेल, तर प्याला दूर करण्याची विनंती केली कोणी? आणि आदामाच्या ठायी जी इच्छा बिघडली, तीच ख्रिस्ताने धारण केली नसेल, तर ती बरी कशी व्हावी? या हट्टापायी इ. स. ६६२ मध्ये त्यांची जीभ व उजवा हात तोडून त्यांना काकेशसकडे हद्दपार करण्यात आले आणि त्याच वर्षी ते मरण पावले. पुढे ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने निर्णय दिला की, ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी अशा दोन इच्छा आहेत, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिच्या अधीन राहते. अधीन राहते, म्हणजे ती आहे. ती नाहीशी झालेली नाही. ख्रिस्तशास्त्राच्या तासाला हा वाद आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरून जातो. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातच आहे.

पौलाचेही म्हणणे वेगळे नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी तो आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून सादर करण्याची विनंती करतो. सादर करण्यासाठी त्याने जे ग्रीक क्रियापद योजिले आहे, तेच सहाव्या अध्यायात आपले अवयव देवाला सादर करण्याविषयी आले आहे. त्या क्रियापदाच्या काळावरून 'समर्पण एकदाच व कायमचे' असा सिद्धांत व्यासपीठावरून मांडला जातो. व्याकरण एवढा भार सोसणार नाही. अधिक महत्त्वाचा आहे तो 'जिवंत' हा शब्द. लेवीयाच्या पहिल्या अध्यायातील होमार्पणात पशू वेदीवर संपूर्ण जळून जाई. (याजकाच्या वाट्याला येई ते केवळ कातडे, असे सातव्या अध्यायात सांगितले आहे; समर्पणाचे आवाहन करणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) पौल सांगतो तो यज्ञ जळून जात नाही. लगेच दुसऱ्याच वचनात तो मनाच्या नवीकरणाविषयी व देवाची इच्छा पारखून घेण्याविषयी बोलतो. ज्याचे मन मेले आहे, तो पारखणार काय?

या पारखण्याचे आपल्या मराठी मंडळीतील ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठवासी भगिनींनी त्यांच्यावर माया केली, आणि मतांच्या बाबतीत त्यांच्याकडून निमूट आज्ञापालनाची अपेक्षाही केली. १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी त्यांना स्पष्ट कळविले की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. त्यानंतर त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिले. तेव्हा ही तीव्र बुद्धीची स्त्री गप्प झाली काय? १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी विटंबना पाहून त्यांनी सरकारवर उघड टीका केली. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून केडगावी मुक्ती सदन वाढविले. हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्याच्या सुमारास ते काम पुरे केले. देवाला दिलेली इच्छा त्यांच्या ठायी अधिकच बळकट झालेली दिसते.

म्हणून नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला 'समर्पण कर' असे सांगणारा पाळक देवाच्या जागी नवऱ्याला बसवितो, आणि मंडळीच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणाऱ्याला असमर्पित ठरविणारा स्वतःलाच तेथे बसवितो. दोन्ही प्रकार आपल्यांत घडतात. ते मान्य करण्यास आम्हांला संकोच वाटत असला, तरी नाकारता येत नाही.

दृढीकरणाच्या वर्गात समर्पणाचा पाठ घेताना धर्मशिक्षकांनी आधी प्रत्येकाला आपल्याला काय हवे आहे ते देवापुढे उघड बोलण्यास शिकवावे: नोकरी, लग्न, आजारातून उठणे, काहीही असो. त्या आईलाही आपली विनंती पूर्ण करू द्यावी. दुसरे वाक्य, पित्याच्या इच्छेचे, तिच्या तोंडी घालण्याची घाई आपण करू नये. ते तिचे तिलाच म्हणायचे आहे, आणि त्याला कदाचित तीन रात्री लागतील. तोवर आपण तिच्या शेजारी जागे राहावे. गेथशेमानेत शिष्यांकडे प्रभूने मागितले होते ते एवढेच.