श्रिम्प स्कँपी

श्रिम्प स्कँपी हा लोणी, लसूण, पांढरी वाईन आणि लिंबाचा रस यांत शिजवलेल्या मोठ्या कोळंबीचा पदार्थ आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांच्या स्वयंपाकातून तो रूढ झाला. तो लिंग्विनी या चपट्या, लांब पास्त्यावर किंवा पावाबरोबर वाढतात.

नाव

इटालियन भाषेत 'स्कांपी' हे कोळंबीचे नाव नसून, लॉब्स्टरच्या कुळातील सडपातळ नांग्यांच्या एका सागरी प्राण्याचे नाव आहे. अमेरिकेत त्याची जागा सहज मिळणाऱ्या कोळंबीने घेतली आणि जुने नाव शिजवण्याच्या पद्धतीला चिकटले, असे मानले जाते. त्यामुळे या पदार्थाच्या नावात दोन प्राणी आहेत; ताटात मात्र एकच असतो. स्पेनमधील 'गांबास अल अहिलो' हा याच्या जवळचा पदार्थ होय. त्यात लोण्याऐवजी ऑलिव्ह तेल असते.

कृती

चार जणांसाठी सोललेली मोठी कोळंबी 500 ग्रॅम, बटर 60 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 1 मोठा चमचा, लसणाच्या 8 ते 10 पाकळ्या, पांढरी वाईन अर्धी वाटी, अर्ध्या लिंबाचा रस, मिरीपूड आणि चिरलेली पार्सली पुरते. करंदीसारखी बारीक कोळंबी येथे उपयोगाची नाही. बाजारातील बटर बहुधा खारवलेले असल्याने मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे.

कोळंबीच्या पाठीतील काळा दोरा म्हणजे तिचे आतडे. त्यात वाळू असू शकते, म्हणून तो काढतात. धुतलेली कोळंबी फडक्याने पूर्ण कोरडी करणे हे काम क्षुल्लक वाटते, परंतु पदार्थाचे यश बरेचसे त्यावरच ठरते: ओली कोळंबी परतली न जाता स्वतःच्या पाण्यात उकडते.

या पदार्थात तीन जिन्नस आचेला नाजूक आहेत. लोण्यात सुमारे चार पंचमांश स्निग्धांश असतो. उरलेल्या भागात पाणी आणि दुधातील घन पदार्थ असतात. तूप कढवताना तळाशी जी बेरी जमते, ती याच घन पदार्थांची. तीव्र आचेवर ती जळते आणि रस कडवट होतो. चिरलेला लसूणही काही क्षणांत करपतो. कोळंबीचे मांस तर जास्त शिजले की रबरासारखे चिवट होते. म्हणून तिन्ही जिन्नस एकदम कढईत टाकू नयेत.

पसरट तव्यात तेल व निम्मे बटर तापवून कोळंबी एका थरात मांडावी आणि प्रत्येक बाजूस एक ते दीड मिनिट परतून बाहेर काढावी. कच्च्या कोळंबीतील ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेले असते. उष्णतेने ते सुटे होऊन गुलाबी-केशरी रंग दिसतो. परंतु वरचा रंग पालटला म्हणजे आतून शिजली, असे नाही. मांस सर्वत्र अपारदर्शक व्हायला हवे. साधारण अर्धवर्तुळाकार वाकलेली कोळंबी योग्य शिजलेली असते, तर घट्ट वेटोळे झालेली बहुधा अधिक शिजलेली असते.

त्याच तव्यात मंद आचेवर लसूण अर्धा मिनिट परतावा. मग वाईन घालून ती निम्मी आटवावी. वाईन नको असल्यास माशांच्या डोक्यांचे किंवा कोळंबीच्या सालींचे पाणी चालते; लिंबू थोडे वाढवावे. आच बंद करून उरलेले थंड बटर तुकड्यांनी ढवळत मिसळले की रस दाटसर, एकजीव होतो. उकळत्या रसात घातल्यास तूप वेगळे तरंगते. शेवटी कोळंबी, लिंबाचा रस व पार्सली घालून लगेच वाढावे. पार्सलीऐवजी कोथिंबीर वापरता येते, पण मग चव निराळी होते. पुन्हा गरम केल्यास कोळंबी चिवट होते, म्हणून हा पदार्थ उरेल इतका करू नये.

दक्षता

कवचधारी जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ टाळावा. या ॲलर्जीस बहुधा कारणीभूत ठरणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवल्यानेही नष्ट होत नाही.