समतोलाचा अंमल

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात पोर्श कंपनीने जागतिक दीर्घपल्ला-शर्यतींच्या सर्वोच्च गटातून आपला कारखान्याचा संघ वर्षअखेर काढून घेत असल्याचे जाहीर केले, आणि फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ज्या नावाने १९ वेळा जिंकली, ते नाव त्या गटातून उतरले. कंपनीने चालू परिस्थितीकडे बोट दाखविले, आणि त्यावर अविश्वास दाखविण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. तथापि ही वार्ता ऐकून मनाला जो चटका बसला, त्याचे मूळ एका कंपनीच्या जमाखर्चात नाही. ज्या नियमावलीने एके काळी यंत्रज्ञांच्या बुद्धीला आव्हान दिले, तीच आज त्या बुद्धीच्या फळाची समसमान वाटणी करू लागली आहे, आणि अशा व्यवस्थेत बलाढ्याने राहावे तरी कशासाठी, हा प्रश्न गेली काही वर्षे मला अस्वस्थ करीत आला आहे.

१९२३ पासून चालत आलेल्या या शर्यतीचा समग्र इतिहास सांगण्याचा माझा मानस नाही. १९८२ साली ‘ग्रुप सी’ नावाचा गट आला. किमान वजन ८०० किलो, टाकी १०० लिटरची, आणि शंभर किलोमीटरला ६० लिटरपेक्षा अधिक इंधन जाळावयाचे नाही, एवढ्या मर्यादेत इंजिन कोणते घ्यावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले होते. पुढे साडेतीन लिटरच्या इंजिनाची सक्ती आली आणि जागतिक अजिंक्यपदाची ती मालिका १९९२ नंतर बरखास्त झाली. त्यानंतरच्या काळात रस्त्यावरच्या गाडीचा दाखला दाखवून शर्यतीची गाडी उतरविण्याचे जे प्रकार झाले, त्यांत पळवाटा शोधणाऱ्यांचे चातुर्य दिसते, पण माझे मन त्यांत रमत नाही.

मन रमते ते २००६ पासून पुढच्या दशकात, कारण ते मी प्रत्यक्ष अनुभवले. त्या वर्षी ऑडीने साडेपाच लिटरचे, बारा सिलिंडरांचे डिझेल इंजिन घेऊन ल मां जिंकले. डिझेलवर चालणाऱ्या गाडीने ही शर्यत जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. ज्या इंधनाची आम्हां मराठवाड्यातील माणसांची ओळख ट्रॅक्टर, पाणी उपसणारे इंजिन आणि एस. टी. यांच्यापुरती होती, ते इंधन जगातील सर्वांत वेगवान गाड्यांना मागे टाकीत होते, आणि त्याच कंपनीच्या गाड्यांची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात लवकरच होऊ लागली होती. त्या शहरातील मंडळींनी २०१० साली एकदम दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या, त्याची चर्चा सर्वत्र झाली. त्याच वर्षी ऑडीने ल मांला ३९७ फेऱ्यांत ५,४१० किलोमीटर अंतर कापून १९७१ पासूनचा विक्रम मोडला, त्याची वार्ता मात्र आमच्या अहमदपुरात कोणाच्या कानी आली नाही.

आमच्याकडे ही शर्यत जूनच्या मध्यास, मृगाच्या दिवसांत येते. तेथे दुपारचे तीन वाजले की येथे सायंकाळचे साडेसहा. रात्रभर इंटरनेटवरून ‘रेडिओ ल मां’ची इंग्रजी निवेदने ऐकावीत, भारनियमनात वीज गेली की मधल्या तासांत काय घडले याचा तर्क करीत बसावे, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता. २०११ साली ऑडीच्या तीन गाड्यांपैकी दोन भीषण अपघातांत चक्काचूर झाल्या आणि उरलेल्या एकीने प्यूजोच्या ताफ्याला चोवीस तासांअंती अवघ्या १३.८ सेकंदांनी मागे टाकले. प्यूजोने पुढच्या जानेवारीत मैदान सोडले. २०१२ साली करुण चंढोक हा ल मांला उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि जेआरएम संघाच्या गाडीत डेव्हिड ब्रॅभम व पीटर डमब्रेक यांच्यासह सहावा आला. क्रिकेटच्या एका अर्धशतकाला जेवढी जागा मिळते तेवढीही वृत्तपत्रांनी त्याला दिली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परंतु या दशकाचा मुकुटमणी म्हणजे २०१४ ची नियमावली. तिच्या कर्त्यांनी सर्वोच्च गटासाठी इंजिनाचा आकार, प्रकार, सिलिंडरांची संख्या यांवरचे निर्बंध जवळजवळ उठविले आणि एकच गोष्ट मोजली : सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या प्रत्येक फेरीत गाडीने किती ऊर्जा वापरावी. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती साठवून पुन्हा चाकांना देण्याच्या यंत्रणेसाठी दोन, चार, सहा आणि आठ मेगाज्यूल असे चार वर्ग पाडले. जो अधिक साठवील त्याला इंधन कमी, जो कमी साठवील त्याला इंधन अधिक. पोर्शने दोन लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आणि विद्युत्घट निवडले. टोयोटाने टर्बोविना आठ सिलिंडर आणि सुपर-कपॅसिटर. ऑडीने चार लिटरचे डिझेल आणि शक्ती साठविणारे फिरते चक्र. तीन घराणी, तीन मार्ग, आणि त्या वर्षी सर्वांत खालच्या, दोन मेगाज्यूलच्या वर्गातील ऑडीने शर्यत जिंकली. २०१३ साली सर्वांत वेगवान पात्रता-फेरी ३ मिनिटे २२.३ सेकंदांची होती. इंधनावर मर्यादा आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, २०१५ साली, ती ३ मिनिटे १६.८ सेकंदांवर आली. मर्यादेने वेग वाढविला, हे ज्यांना अशक्य वाटते त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

२०१६ च्या जूनमध्ये आमच्या लातूर जिल्ह्याला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी येत होते. प्रत्येक घागरीचा हिशोब करणाऱ्या आम्हां लोकांना मोजून दिलेल्या इंधनाचे मोल निराळे सांगावे लागत नव्हते. कालव्याचे पाणी पाळीपाळीने, सर्वांना सारखे मोजून द्यावे आणि पीक कोणते घ्यावे हे ज्याच्या त्याच्या अक्कलहुशारीवर सोडावे, तशी ती नियमावली होती. त्या वर्षी शेवटची तीनएक मिनिटे उरली असता आघाडीवरची, एव्हाना टर्बोकडे वळलेली टोयोटा टर्बोच्या हवेच्या नळीतील एका जोडाच्या बिघाडाने शक्तिहीन होऊन थांबली आणि पोर्श विजयी झाली. अखेरची फेरी सहा मिनिटांत पुरी न झाल्याने त्या गाडीला दुसरा क्रमांकही मिळाला नाही. ते कलम कठोर होते, पण ते शर्यतीपूर्वीच लिहिलेले होते आणि सर्वांना सारखेच लागू होते. म्हणून त्या पराभवाचे दुःख झाले तरी त्यात अन्याय मला दिसला नाही.

ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहात मोडते, त्याच्या डिझेल गाड्यांतील लबाडी २०१५ च्या सप्टेंबरात उघडकीस आली, आणि पुढच्या वर्षअखेर ऑडीने शर्यत सोडली. तेव्हा ल मांचे विजयही तसलेच म्हणून हिणवणारे बरेच भेटले. त्यांना माझे उत्तर आजही तेच आहे : रस्त्यावरच्या गाडीचा धूर प्रयोगशाळेत फसविता आला, पण ल मांच्या गाडीतून जाणारा इंधनाचा प्रवाह अधिकाऱ्यांच्या नजरेखाली क्षणाक्षणाला मोजला जात होता. २०१७ नंतर पोर्शही गेली. खर्च अतोनात वाढला होता, हे मी नाकारीत नाही. त्यापुढील तीन वर्षे मोठ्या कारखान्यांपैकी टोयोटा एकटीच धावली, त्यांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे.

खर्चावर मर्यादा घालण्याची तजवीज करावयाची सोडून २०२१ च्या ‘हायपरकार’ गटाने निकालावरच मर्यादा घातली. ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ या नावाखाली प्रत्येक गाडीचे वजन आणि शक्ती यांत अधिकाऱ्यांनी फेरफार करावा, म्हणजे कोणीही फार पुढे जाणार नाही, अशी ही व्यवस्था. येथे पाणी मोजून दिले जात नाही. सुगी झाल्यावर खळ्यावर येऊन मोठ्या राशीतले धान्य उचलले जाते. २०२३ साली, शर्यतीच्या शताब्दीला, अवघ्या काही दिवसांवर शर्यत आली असता टोयोटावर ३७ किलो, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पुन्हा मैदानात आलेल्या पोर्शवर ३ किलो अधिक लादले गेले. पन्नास वर्षांनी सर्वोच्च गटात परतलेली फेरारी जिंकली, टोयोटा ८१ सेकंदांनी मागे राहिली. फेरारीच्या चालकांचे शौर्य मी कमी लेखीत नाही, परंतु त्या ८१ सेकंदांतील किती त्यांचे आणि किती त्या किलोंचे, हे आता कोणीही सांगू शकत नाही, आणि विजेत्यावरही हा अन्यायच आहे. २०१७ साली चालक कोबायाशीने ३ मिनिटे १४.७ सेकंदांत जी पात्रता-फेरी मारली, तिच्याहून २०२५ ची सर्वांत वेगवान पात्रता-फेरी आठ सेकंदांहून अधिक मंद आहे.

गटातील जागा भरल्या आहेत, मैदानात कारखाने पूर्वीपेक्षा अधिक आहेत, प्रेक्षक लाखोंनी येतात. या गोष्टी खऱ्या आहेत आणि व्यवस्थापक त्या अभिमानाने सांगतात. परंतु त्याच नियमावलीत एक कलम असे आहे की, या समतोलाविषयी संघांनी जाहीर वक्तव्य करून त्यावर प्रभाव पाडण्याचा प्रयत्न करू नये. म्हणजे वजन वाढवावयाचे आणि ज्याच्यावर वाढविले त्याने तोंडही उघडावयाचे नाही. निजामाच्या राजवटीतील फर्माने ज्यांच्या आजोबांनी पाहिली, त्या आम्हांस अशा कलमाचा अर्थ चटकन समजतो. वजनांचे कोष्टक हवे तर काही काळ राहू द्यावे, पण हे कलम पुढच्या हंगामापूर्वी काढून टाकावे, आणि टोयोटाच्या यंत्रज्ञांना त्या ३७ किलोंविषयी काय वाटले, ते त्यांच्याच तोंडून उघडपणे ऐकू यावे.