धुके की धुरके?

थंडीच्या दिवसांत कोल्हापूरच्या रंकाळ्यावर उजाडण्याच्या सुमारास फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, पण आवाज कमी असतो. पाण्यावर पांढरी वाफ तरंगते. काठावरच्या ओल्या मातीत धोबी पक्षी शेपटी वरखाली करत किडे टिपत असतो. हा उत्तरेकडून थंडीपुरता आलेला पाहुणा. दोन मिनिटे थांबले, तर आणखी एक गोष्ट दिसते. जवळच्या एखाद्या परड्यातून निघालेला धूर सरळ वर जात नाही. छपराच्या थोडा वर जाऊन तो आडवा पसरतो आणि तिथेच रेंगाळतो.

पाण्यावरची वाफ निरुपद्रवी असते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. रात्रीत हवा गार झाली तरी तलाव तुलनेने उबदार राहतो. त्यावरची दमट हवा गार हवेत मिसळली की सूक्ष्म थेंब तयार होतात. हे धुके, ऊन चढले की ते विरते.

धुराची गोष्ट वेगळी. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते. जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. या झाकणाखाली पाणी तापवायच्या बंबाचा, शेकोटीचा, वाहनांचा आणि पेटवलेल्या पाल्याचा धूर कोंडतो. तो धुक्यात मिसळला की होते धुरके. ओळखायची खूण सोपी आहे: धुक्याला वास नसतो, धुरक्याला असतो. घसा खवखवला, डोळे चुरचुरले, तर ते नुसते धुके नव्हे.

या धुरातील २.५ मायक्रोमीटरहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके बारीक असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्याकडचे मानक ६० आहे. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांची धाप यामुळे वाढते, हृदयावरही ताण येतो.

त्यात थंडीची भर. रात्रीचा सर्वांत गार क्षण मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या आसपास येतो. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. सकाळच्या वेळी हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण एरवीही अधिक असते. शिवाय २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला, तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतरही काही दिवस लांबतच जातो. घड्याळ पाहून साडेपाचला निघणारे आजोबा त्यामुळे जानेवारीत अधिकच काळोखात आणि गारठ्यात चालत असतात.

म्हणून चालणे सोडू नये, वेळ बदलावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी कोवळे ऊन पडल्यावर, शक्यतो आठनंतर निघावे. कान व छाती झाकावी. सुरुवातीची दहा मिनिटे संथ चालावे. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. दम्याचा पंप खिशात असावा. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी बसू नये. तिथेच थांबावे आणि १०८ ला फोन करावा.

दुसरे काम परड्यातले. दवाने ओला झालेला पाला नीट जळत नाही, नुसता धुमसतो. म्हणूनच त्याचा धूर अधिक. तोच पाला कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकून वर थोडी माती आणि शेण पसरले, अधूनमधून पाणी शिंपडले, तर काही महिन्यांत खत तयार होते. शेजारच्या आजींची धाप वाढत नाही, ती वेगळीच मिळकत.

अशा परड्यात सकाळी शेवंतीवर एखादे फुलपाखरू पंख पसरून निश्चल बसलेले दिसते. ते आजारी नसते. अंग पुरेसे तापल्याखेरीज त्याला उडता येत नाही, म्हणून ते उन्हाची वाट पाहते. साठीनंतरच्या माणसानेही थंडीत तेवढा धीर धरावा.