इंग्लंडमधील एक लहान ऑपेरा मंडळी

ऑपेरा हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनांत अधूनमधून येतो. परंतु त्याचा अर्थ विचारिला असतां "विलायती संगीत नाटक" एवढेंच उत्तर मिळतें. तें अगदींच चूक नाहीं, पण पुरेसेंहि नाहीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं पुण्यास संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून पात्रांनीं गद्य बोलावें आणि मधून मधून पदें म्हणावीं, हा आपला परिपाठ आहे. ऑपेऱ्यांत बहुधा सर्व संभाषण गाऊनच करावयाचें असतें. निरोप सांगणें, भांडणें, क्षमा मागणें, सारें सुरांत. त्या सुरांस साथ साठसत्तर वादकांच्या वृंदाची. शिवाय गायकवृंद, पोषाख व देखावे यांचा खर्च निराळाच. ह्यामुळें ऑपेरा म्हणजे राजधानीचें व राजाश्रयाचें काम होऊन बसलें. लहान गांवांनीं त्याची नुसती वार्ता ऐकावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत ह्या स्थितीवर जो एक उपाय निघाला, त्याची हकीकत येथें देत आहों. बेंजामिन ब्रिटन हे त्या देशाचे नामांकित संगीतरचनाकार. त्यांचा जन्म १९१३ सालीं सफोक परगण्यांत समुद्रकांठच्या एका गांवीं झाला. १९४५ सालीं त्यांचा 'पीटर ग्राइम्स' हा मोठा ऑपेरा लंडन येथें होऊन त्यांची कीर्ति झाली. तसाच दुसरा लिहिणें त्यांस अवघड नव्हतें; परंतु युद्धानें गांजलेल्या देशांत तो उभा करणार कोण? १९४६ सालीं ग्लाइंडबोर्न येथें त्यांनीं लुक्रीशिया नांवाच्या रोमन साध्वीची कथा रंगभूमीवर आणिली, तिच्यांत गाणारे अवघे आठ आणि वादक बारा. एक बांसरी, एक ओबो, एक क्लॅरिनेट, एक बसून, एक हॉर्न, एक हार्प, तालवाद्यांवर एक मनुष्य व तंतुवाद्यें पांच. ह्याखेरीज एक पियानो. ह्या प्रकारास चेंबर ऑपेरा, म्हणजे दालनांत मावेल असा ऑपेरा, म्हणतात.

काटकसर हें त्याचें मूळ खरें; पण त्या काटकसरींतून एक नवाच गुण निघाला. मोठ्या वृंदांत एकच ओळ दहाबारा व्हायोलिनें मिळून वाजवितात. एकाचें बोट चुकलें तर तें बाकीच्यांत लपून जातें. येथें लपावयास जागा नाहीं. प्रत्येक वाद्य जणूं एक पात्रच होतें, आणि गायकाचा शब्द वाद्यांच्या गजरांत बुडत नाहीं. लहान ऑपेऱ्यास मोठ्याची स्वस्त आवृत्ति समजणाऱ्यांशीं आमचें मत जुळत नाहीं तें ह्याचमुळें.

कला साधली तरी पैसा साधेना. लुक्रीशियाच्या दौऱ्यांत तोटा आला. तेव्हां १९४७ सालीं ब्रिटन, लेखक एरिक क्रोझियर व चित्रकार जॉन पायपर यांनीं 'इंग्लिश ऑपेरा ग्रूप' ही स्वतंत्र मंडळी स्थापिली. त्याच वर्षीं 'अल्बर्ट हेरिंग' हा विनोदी खेळ घेऊन ती हॉलंड व स्वित्झर्लंड येथें गेली. टाळ्या भरपूर मिळाल्या. परंतु माणसें व सामान देशोदेशीं नेण्याचा खर्च भागेना. आपण परदेशीं पदरमोड करीत फिरण्यापेक्षां घरींच उत्सव कां भरवूं नये, अशी कल्पना मंडळींतील गायक पीटर पिअर्स यांनीं प्रवासांतच काढिली. ब्रिटन व पिअर्स राहत त्या ऑल्डबरा ह्या कोळ्यांच्या गांवीं जून १९४८ मध्यें पहिला उत्सव भरला. तेथील ज्युबिली हॉल सुमारें तीनशें माणसांचा, म्हणजे एखाद्या शाळेच्या सभागृहाएवढाच!

दुसऱ्या वर्षीं, १९४९ सालीं, ह्याच हॉलांत 'दि लिट्ल स्वीप' हा मुलांचा ऑपेरा झाला. कथा १८१० सालची. सॅम नांवाचा आठ वर्षांचा गरीब पोर धुराडीं झाडणाऱ्या धन्यास विकलेला असतो. त्या काळीं असलीं मुलें अरुंद धुराड्यांत खरोखरच चढवीत. ही चाल कायद्यानें पुरती बंद पडण्यास १८७५ साल उजाडावें लागलें. सॅम धुराड्यांत अडकतो, घरांतील मुलें त्याला ओढून काढितात, न्हाऊं घालितात, लपवितात आणि पेटींत बसवून पळवून लावितात. खेळाच्या पूर्वार्धांत ऑपेरा कसा बसवितात तें दाखवून प्रेक्षकांकडून चार गाणीं घोकून घेतात, कारण पुढें तीं त्यांनींच म्हणावयाचीं असतात. कीर्तनांत श्रोते पालुपद उचलतात, त्याहून हें काम कठीण. एका गाण्यांत तर प्रेक्षकांचे चार भाग पाडून प्रत्येकास निरनिराळ्या पक्ष्याचा आवाज दिला आहे. मुलांबरोबर आलेल्या आईबापांनाहि यांतून सुटका नाहीं.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें १९५८ सालचें 'नॉइज फ्लड', म्हणजे नोहाचा जलप्रलय. ह्याचे शब्द चेस्टर शहराच्या जुन्या धार्मिक नाटकांतून घेतले आहेत. तेथें एकेका धंद्याच्या लोकांकडे पवित्र शास्त्रांतील एकेक कथा असे, आणि प्रलयाची कथा योग्यपणेंच पाणी वाहणाऱ्यांकडे होती. नोहाची बायको तारवांत येण्यास नाकारते. मुलगे तिला उचलून आंत नेतात, तेव्हां ती नोहाच्या थोबाडींत देते. हें उत्पत्तीच्या पुस्तकांत नाहीं. चेस्टरकरांनीं पदरचें घातलेलें आहे.

हा खेळ ऑर्फर्ड येथील मंदिरांत झाला. नोहा, त्याची बायको व देवाची वाणी एवढींच कामें मोठ्यांचीं. बाकी पात्रें, पशुपक्षी आणि वाद्यवृंदाचा मोठा भाग त्या परगण्यांतील मुलांचा. येथें ब्रिटन यांचें शिक्षकपण दिसतें. ज्यास व्हायोलिनाच्या मोकळ्या तारांखेरीज कांहीं येत नाहीं, त्याच्यासाठीं त्यांनीं मोकळ्या तारांचीच ओळ लिहिली. पण ती ओळ वगळली तर संगीतांत भोंक पडेल अशी योजना केली. कच्च्या मुलाला मागच्या रांगेंत उभें करून नुसते ओठ हालवावयास सांगण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. ती वापरणाऱ्यांनीं हें संगीत एकदां पाहावें. पशु बिगुलांच्या नादावर जोडीजोडीनें मंदिरांतून चालत येतात. वादळ शिगेस पोंचतें तेव्हां उपासक उठून समुद्रावरील लोकांसाठीं असलेलें प्रार्थनागीत गातात. आम्हां ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' हा शब्द उपासकांच्या समुदायासहि लावितात. ह्या क्षणीं दोन्ही मंडळ्या एकच होतात.

पुढें त्याच मंदिरांत आणखी तीन खेळ झाले. १९६४ सालचा 'कर्ल्यू रिव्हर' जपानी नो नाटकावरून घेतलेला. १९६६ चा अग्नीच्या भट्टींतील तिघां यहूद्यांचा. १९६८ चा उधळ्या पुत्राचा. ह्यांत वृंदाचा संचालकहि नसतो, गायकवादकांनीं एकमेकांकडे कान देऊन चालावयाचें. १९७५ सालीं मंडळीचें नांव व स्वरूप बदललें, आणि १९८० सालीं पैशाअभावीं ती बंद पडली.

नोहाचा खेळ शाळा व मंदिरें अजून करितात. एखाद्या मोठ्या इमारतींत, शक्य तर मंदिरांत, पण नाटकगृहांत नव्हे, अशी ब्रिटन यांची सूचना आहे. पावसाच्या पहिल्या थेंबांसाठीं चहाचे लहानमोठे पेले कानांनीं दोरीवर ओळीनें टांगावे व लांकडी चमच्यानें वाजवावे.