पार्ट धुण्याच्या मशीनमध्ये काय टाकावे?

(ऊस विकास विभागाकडून)



लागवडीच्या नोंदी घेत जऊळका भागात फिरत असताना एका सभासदाच्या ओसरीवर आम्हास स्टीलचा एक चौकोनी डबा दिसला. वर झाकण, आत दोन-तीन लिटर पाणी मावेल एवढी टाकी, समोर बटने. चिरंजीवांनी मोबाईलवरून मागवलेले अल्ट्रासॉनिक मशीन होते ते. मोटारसायकलचा कार्ब्युरेटर आणि फवारणी पंपाचे नोझल घरीच धुवावे असा त्यांचा बेत. सभासद म्हणाले, "साहेब, मशीन तं आलं, पन याच्यात टाकाव काय? पोट्टं म्हन्ते पेट्रोल टाकू." पोराच्या हातात पेट्रोलची बाटली होती, आणि आत गॅसवर आमच्याच चहाचे आधण ठेवलेले होते. आम्ही आधी गॅस बंद करायला लावला, बाटली अंगणात नेऊन ठेवली आणि मग उत्तर दिले. चहा उशिरा मिळाला. तेच उत्तर येथे जरा सविस्तर देत आहोत, कारण अशी मशीन आता दोन-चार गावांत आमच्या पाहण्यात आली आहेत.

प्रथम मशीन काम कसे करते ते समजून घ्यावे, म्हणजे पुढचे सोपे जाते. विहिरीतले पाणी खाली गेले आणि सक्शन ओढू लागले की पंपातून खडे फिरल्यासारखा कडकड आवाज येतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. तो पंप पुढे कधी खोलला तर इंपेलर किडल्यासारखा टोचलेला दिसतो. ती किमया वाळूची नव्हे. पाण्यात ओढ बसून बारीक पोकळ बुडबुडे तयार होतात आणि ते धातूजवळ फुटताना इतका जोराचा फटका देतात की लोखंडाचासुद्धा टवका उडतो. पंपात जो रोग, तोच या मशीनमध्ये औषध म्हणून वापरला आहे. टाकीच्या बुडाला चिकटवलेल्या चकत्या सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरतात. माणसाच्या कानाला २० हजारांच्या वरचे ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला नुसती बारीक सूं ऐकू येते. त्या थरथरीने द्रवात बुडबुडे होतात, फुटतात, आणि सुई किंवा ब्रश जेथे जात नाही अशा छिद्रातली घाण उखडून काढतात.

म्हणजे घाण उखडण्याचे काम बुडबुडे करतात. द्रावणाने फक्त घाण सैल करायची आणि सुटलेली घाण परत चिकटू द्यायची नाही. द्रावण जितके जहाल तितके बरे, हा समज येथे चालत नाही.

आता पेट्रोलचे. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, शून्याच्या खाली ४० अंशांच्या आसपाससुद्धा. आपल्याकडे तर ओसरीवर उन्हाळ्यात ४२ अंश असतात. मशीनची टाकी हीटर न लावताही चालता चालता गरम होते, थरथरीने वरच्या पृष्ठभागावर बारीक तुषार उडतात, आणि खाली विजेचे बटन व पंखा असतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीवरून सरपटत स्वयंपाकघरापर्यंत जाते. थिनर, स्पिरिट यांचेही तेच. रॉकेल-डिझेल थोडे उशिरा पेटते एवढाच फरक, आणि तापलेल्या टाकीत तो फरकही उरत नाही. यावर चिरंजीवांनी विचारले, काचेच्या बरणीत थोडे पेट्रोल घालून ती बरणी टाकीतल्या पाण्यात ठेवली तर? तसे करणारे आहेत हे खरे. बरणी तापते, वाफ बाहेर पडते, बरणी तडकली तर सगळे पेट्रोल पाण्यावर तरंगते. घरात हे करू नये. यात आमचा दुसरा विचार नाही.

मग टाकावे काय? बहुतेक कामाला साधे पाणी आणि भांडी घासण्याचे पातळ साबण. एका लिटरला एक लहान चमचा, बस. फेस जास्त झाला म्हणजे सफाई जास्त झाली असे नाही, उलट फेस लहरी शोषून घेतो. पाणी मात्र बोअरचे नको. आपल्या भागातले पाणी क्षाराचे, हंड्यावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरणारे. ते साबणाचीही नासाडी करते आणि पार्ट वाळल्यावर छिद्रात पांढरी भुकटी ठेवते, म्हणजे ज्यासाठी धुतले तेच परत. जारचे फिल्टरचे पाणी घ्यावे किंवा पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे धरून ठेवावे. पाणी खुणेपर्यंत भरून, पार्ट न टाकता पाच मिनिटे मशीन चालू ठेवावे. पाण्यात मुरलेली हवा त्यात निघून जाते आणि मग बुडबुड्यांना धार येते. तेलकट पार्टला ५० ते ६० अंश ऊब चांगली. पार्ट जाळीच्या टोपलीतच ठेवावेत. बुडाला टेकले तर टाकीचा पत्रा झिजतो आणि चकती निकामी होते. कोरडी टाकी चालवली तरी तेच.

मशीन खरोखर काम करते की नाही याची शंका असल्यास डबा बांधण्याच्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी मिनिटभर पाण्यात उभी धरावी. तिला बारीक भोके पडली तर मशीन ठीक.

साबणाने जे निघत नाही त्यासाठी घाण कोणती ते ओळखावे लागते. ठिबकच्या डिस्क फिल्टरवर आणि जाळीवर बसणारा पांढरा, खरबरीत थर हा चुना. त्याला साबण काहीही करत नाही. त्याला आंबट लागते. सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, लिटरला ३० ग्रॅम टाकून दहा-पंधरा मिनिटे चालवले की चुना फसफसत सुटतो. आम्ही फिल्टरच्या डिस्क अशा धुऊन पाहिल्या. ब्रशने तासभर घासूनही ज्या खाचा भरलेल्याच राहत होत्या, त्या मोकळ्या झाल्या. इनलाइन नळीतले ड्रिपर अर्थातच काढता येत नाहीत. त्यांना नेहमीची आम्लप्रक्रियाच.

येथे एक धोक्याची जागा आहे. आम्लप्रक्रियेसाठी आणलेला हायड्रोक्लोरिक अॅसिडचा कॅन पुष्कळ घरी असतो आणि "हेच टाकलं तं काय बिघडते?" असे विचारले जाते. बिघडते ते असे, की त्या अॅसिडमधले क्लोराईड स्टेनलेस स्टीलला सुईने टोचल्यासारखी छिद्रे पाडते. टाकी गळू लागली की पाणी सरळ विजेच्या भागावर. संडास साफ करण्याच्या बाटलीतही बहुधा हेच अॅसिड असते, म्हणून तीही नको. मीठ नको, ब्लीचिंग पावडरही नको. आणि ठिबकचे शेवाळ मारायला आणलेली ब्लीचिंग पावडर व अॅसिड ही दोन्ही एका भांड्यात कधीही येऊ देऊ नयेत, मशीनमध्येही नाही आणि बादलीतही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू.

घाणीइतकेच धातूकडे पाहावे. ही गोष्ट आम्ही स्वतः चूक करून शिकलो. गटाच्या जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर तेलाने माखला होता. धुण्याचा सोडा तेल चांगले कापतो हे माहीत होते, म्हणून सढळ हाताने सोडा घालून, पाणी चांगले तापवून वीस मिनिटे चालवले. बाहेर काढला तेव्हा तेल गेले होते, पण कार्ब्युरेटर तव्यासारखा काळा झाला होता. अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूला सोडा खातो, आणि कॉस्टिक सोडा तर बघता बघता खातो. सोडा वापरायचा तो लोखंडी पार्टलाच, लिटरला १० ते २० ग्रॅम. कार्ब्युरेटरला साबणाचे पाणी, ऊब ५० अंश, पाच-पाच मिनिटांच्या दोन-तीन खेपा. आधी सगळे रबर, डायफ्राम, फ्लोट काढून घ्यावेत. जेटमध्ये पिवळसर डिंक बसला असेल तर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा उघड्यावर, विडी-काडीपासून दूर मारावा, पुसून पूर्ण वाळू द्यावा आणि मगच साबणाच्या पाण्यात टाकावा.

जाता जाता एक गोष्ट. नव्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर राहिलेला नाही, परंतु १ एप्रिल २०२० पूर्वीच्या गाड्या गावोगाव धावतात, आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा धरते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर कार्ब्युरेटरमध्ये पांढरा गंज चढतो. त्यासाठी इथेनॉलला शिव्या देऊ नयेत. ऊस-मळीचा पैसा त्यातूनच येतो. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल खालचा स्क्रू ढिला करून काढून टाकावे, म्हणजे झाले.

पितळी नोझलची तऱ्हा आणखी वेगळी. सौम्य आंबट त्याला थोडा वेळ चालते, फार वेळ ठेवले तर पितळ लालसर पडते. पितळ आणि लोखंड एकाच वेळी आंबट पाण्यात टाकू नये, तांबे लोखंडावर चढते. पितळाचा खरा वैरी अमोनिया. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे १९२१ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्यापैकी कितीजण फवारणी पंप गोठ्यात खुंटीला टांगतात? ती खुंटी बदलावी.

अमोनियाचा विषय निघण्याचे कारण टू-फोर-डी. उसातल्या तणाला हे औषध मारतात आणि मग तोच पंप तुरीवर, कपाशीवर, सोयाबीनवर जातो. पंपात राहिलेला थोडासा अंशसुद्धा पाने आकसायला पुरतो. मग "बियाणं खराब निघालं" म्हणून आरडाओरड होते. हा अंश काढण्यासाठी टाकी व नळीत सौम्य अमोनियाचे किंवा धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ पाण्याने तीनदा धुण्याची रीत आहे. त्या वेळी पितळी नोझल काढून बाजूला ठेवावे आणि साबणाच्या पाण्यात वेगळे धुवावे. मात्र मशीनमध्ये नोझल लख्ख झाले म्हणून पंप स्वच्छ झाला, असे समजू नये. औषध खरे मुरते ते रबरी नळीत आणि वॉशरमध्ये. आमचे मत विचाराल तर तणनाशकाला पंपच वेगळा ठेवावा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा.

नोझल तुंबले की आपण काय करतो? तोंडाने फुंकतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतल्या प्रत्येकाचे कारण नोझल फुंकणे नव्हते, परंतु तोंड आणि नोझल यांची गाठ पडू नये हे शिकायला याहून मोठे कारण लागू नये. हे मशीन विकत घेण्यासारखे आहे ते आमच्या मते एवढ्याचसाठी. चार-पाच नोझल जादा घ्यावेत. एक तुंबले की डब्यात टाकावे, दुसरे लावावे, आणि संध्याकाळी सगळे एकदम धुवावेत. औषधाचे नोझल धुताना पाणी तापवू नये, वाफेबरोबर औषध नाकात जाते. झाकण लावून, हातमोजे घालून, ओसरीवर नव्हे तर बाहेर शेडमध्ये धुवावेत. ज्या टाकीत औषधाचे नोझल पडले त्या टाकीत चष्मा, दागिने, बाळाची बाटली पुन्हा पडता कामा नये. विकणारे या सगळ्या वस्तू एकाच चित्रात दाखवतात, तिकडे लक्ष देऊ नये.

धुऊन झाल्यावर दोन वेळा साध्या पाण्यात खंगाळावे. लोखंडी पार्ट तसाच ठेवला तर तासाभरात तांबूस गंज धरतो, म्हणून लगेच पुसून, वाळवून तेलाचा हात द्यावा. डिझेल इंजिनचा इंजेक्टर मात्र या मशीनच्या भरवशावर खोलू नये, तो कॅलिब्रेशनवाल्याकडेच जावा. तेलकट पाणी नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. कॅनमध्ये काही दिवस ठेवले की तेल वर येते, ते वेगळे काढता येते. औषधाचे पाणी विहीर, नाला आणि गुरांची पाण्याची जागा यांपासून दूर, पडीक जागेत खड्डा करून मुरवावे.

गटाकडे आम्ही असे एक मशीन चाचणीसाठी आणून ठेवले आहे. ज्या सभासदांच्या डिस्क फिल्टरला चुना धरतो त्यांनी बांधणी सुरू होण्यापूर्वी डिस्क सुट्या करून, मोजून, पिशवीवर गट नंबर लिहून आणाव्यात. सोबत जारचे तीन लिटर पाणी आणि पाव किलो लिंबूसत्त्व आणावे. औषधाचे नोझल या मशीनसाठी आणू नयेत.