दूरचित्रवाणीवरील इतिहास आणि आपले दोन तालुके

इतिहास हा विषय पूर्वीं दोन वाटांनीं मुलांपर्यंत येत असे: एक घरांतील वडील माणसांच्या तोंडून, आणि दुसरी शाळेंतील पुस्तकांतून. आतां तिसरी वाट झाली आहे, आणि रहदारी तिच्यावरच सर्वांत अधिक आहे. बारामतीच्या पेठेंतील घर असो, कीं इंदापूर तालुक्यांतील एखादी वस्ती असो, छपरावर डिश बसविलेली दिसते. आणि रात्रींचीं जेवणें आटोपलीं म्हणजे लहानथोर मंडळी पडद्यापुढें बसून लढाया, किल्ले, राजदरबार आणि परदेशांतील पिरॅमिड पाहत असतात. केवळ इतिहासाला वाहिलेल्या वाहिन्याहि निघाल्या आहेत. अशी वाहिनी कशी चालते, तिजपासून काय घ्यावें आणि काय तपासून घ्यावें, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम थोडी हकीकत सांगूं. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें झाला, आणि मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८८ सालीं दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका दाखविण्यांत येऊं लागली. पंडित नेहरूंनीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतांना लिहिलेल्या ग्रंथावर ती आधारलेली होती. केवळ इतिहासाची म्हणून निघालेली ‘हिस्टरी चॅनेल’ ही वाहिनी अमेरिकेंत १ जानेवारी १९९५ रोजीं सुरू झाली, व २००३ सालीं ती आपल्या देशांत आली. येथें तिचें नांव पुढें एकदोनदां बदललें, आणि होतां होतां ती प्रवासाच्या कार्यक्रमांची वाहिनी झाली. त्यानंतर २०११ सालीं ‘हिस्टरी टीव्ही १८’ ही, व २०१४ सालीं आपल्या देशाचा इतिहास व पुराणकथा यांकरितां ‘एपिक’ ही वाहिनी निघाली.

इतिहासाची वाहिनी प्रवासाची कां व्हावी, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर हिशेबाच्या वहींत आहे. वाहिनी चालविण्यास द्रव्य फार लागतें. प्रेक्षक वर्गणी देतात खरी, परंतु अशा वाहिन्यांचा मोठा भार जाहिरातींवर असतो. आणि जाहिरात देणारा व्यापारी एकच गोष्ट विचारतो, कीं हा कार्यक्रम किती लोक पाहतात? ही मोजदाद करण्यासाठीं निवडक घरांत यंत्रें बसविलेलीं असतात. त्यामुळें चालकांपुढें ‘हें खरें आहे काय?’ एवढाच प्रश्न नसतो. ‘हें पाहतांना माणूस मध्येंच उठून जाईल काय?’ हाहि प्रश्न असतो, आणि पुष्कळदां हा दुसराच पहिल्यावर मात करितो. अमेरिकेंतील मूळ वाहिनीचीच गोष्ट पाहा. २००७ सालीं तिनें बर्फावरून मालमोटारी हांकणाऱ्या चालकांची मालिका काढली, व २००९ सालीं एका गहाणवटीच्या दुकानाची. परग्रहावरील प्राण्यांनीं प्राचीन मंदिरें व मनोरे बांधण्यास साहाय्य केलें असावें, अशा कल्पनेवरहि तिनें वर्षानुवर्षें कार्यक्रम दाखविले. पुरातत्त्वज्ञ ही कल्पना निराधार मानतात. वाहिनीचें नांव राहिलें, माल मात्र पालटला.

दुसरी अडचण चित्रांची आहे. पुस्तक चित्रावांचून चालतें. दूरचित्रवाणीचें एक क्षणभरहि चालत नाहीं. म्हणून ज्या गोष्टीचीं चित्रें मिळतात ती गोष्ट तेथें मोठी होते, आणि जिचीं मिळत नाहींत ती लहान होते, किंवा मुळींच दिसत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाचें चित्रण मुबलक उपलब्ध असल्यामुळें अमेरिकेंतील वाहिनीवर प्रारंभीच्या काळांत त्या युद्धाचे इतके कार्यक्रम होत, कीं लोक तिला थट्टेनें ‘हिटलरची वाहिनी’ म्हणत. येथें विद्यार्थ्यांनीं एक सन ध्यानांत ठेवावा. चलच्चित्रांचा पहिला जाहीर खेळ ल्युमिएर बंधूंनीं पॅरिस येथें १८९५ सालीं केला, आणि मुंबईंत तो १८९६ सालीं झाला. तेव्हां पानिपत, सिंहगड किंवा १८५७ यांचें जें हालतें चित्र तुम्ही पाहतां, तें सर्व नटांनीं वठविलेलें किंवा यंत्रानें रचिलेलें असतें. त्यांतील पागोट्याचा रंग, वाड्याचा सोपा आणि पात्रांचीं भाषणें यांत आधार किती आणि अंदाज किती, हें पडदा सांगत नाहीं. वाचलेल्या गोष्टीविषयीं मनुष्य शंका घेतो. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीविषयीं सहसा घेत नाहीं. इतिहासाच्या उत्तरपत्रिकांत मालिकेंतील संवाद घडलेल्या गोष्टी म्हणून उतरलेले आम्हीं वाचले आहेत. मुलांना त्याबद्दल दोष देववत नाहीं. त्यांनीं तें ‘पाहिलेलें’ असतें.

आतां आपल्याच भागांतील एक उदाहरण घेऊन ही गोष्ट अधिक स्पष्ट करूं. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें मोठा दंगा झाला. सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. त्या वेळीं तें भीमथडी तालुक्यांत मोडत असे. गांव बाजाराचें. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथें जमले, आणि त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. धान्याचीं दुकानें लुटलीं, कांहीं घरांस आग लावली. परंतु त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या वह्यांवर व कर्जरोख्यांवर होता. ते कागद हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यांत आली. पुढें हें लोण पुणें व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पसरलें, परंतु माणसांच्या जिवावर हात टाकल्याचे प्रकार विरळा घडले. इतिहासांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

कार्यक्रम करणाऱ्यास हा प्रसंग निःसंशय आवडेल. जमाव, आरडाओरड, जळणारे कागद: डोळ्यांना जें पाहिजे तें सर्व येथें आहे. परंतु विचारी विद्यार्थी एक प्रश्न विचारील. उपाशी मनुष्य धान्य लुटील हें समजतें. तो कागद कां जाळील? याचें उत्तर सुप्याच्या आगींत सांपडत नाहीं. त्यासाठीं चाळीस वर्षें मागें आणि पूर्वेस इंदापुराकडे जावें लागतें.

१८१८ सालीं पेशवाई जाऊन इंग्रजांचा अंमल बसला. पुढील दशकांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें या जिल्ह्याची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा ५५ भाग सरकारचा, या हिशेबानें सारा ठरविला. हिशेब कागदावर शास्त्रशुद्ध होता. परंतु मोजणींत चुका व लबाड्या झाल्या, धान्याचे भाव उतरले, आणि सारा जड होऊन इंदापुराकडील पुष्कळ कुळें जमिनी टाकून निघून गेलीं. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं इंदापूर तालुक्यांत नव्यानें काम आरंभिलें. प्रत्येक शेत मोजावें, त्याच्या हद्दी कायम कराव्या, त्यास नंबर द्यावा, मातीचा रंग व खोली पाहून तिची प्रत ठरवावी, आणि जो सारा बसेल तो तीस वर्षेंपर्यंत वाढवूं नये, असा त्यांचा नियम होता. सारा हलका झाला, व पडीक जमिनी पुन्हां लागवडीस आल्या. इंदापुरांत सुरू झालेली ही पद्धत पुढें सबंध मुंबई इलाख्यांत पसरली. तुमच्या घरच्या जुन्या कागदांवर जो ‘सर्व्हे नंबर’ लिहिलेला असतो, त्याचें मूळ या पद्धतींत आहे.

तीस वर्षें संपलीं, आणि फेरमोजणी होऊन सारा बराच वाढला. मध्यंतरीं अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळें आपल्याकडील कापसास सोन्याचे दिवस आले होते, व कर्जहि सहज मिळत होतें. युद्ध थांबलें, भाव उतरले, सावकारांनीं हात आंखडता घेतला. सारा मात्र रोखीनें आणि ठरल्या मुदतींत भरावा लागे, मग पाऊस पडो वा न पडो. शेतकरी पुन्हां सावकाराच्या दारीं जाई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोखा तीन वर्षेंच चाले. व्याज फार सांचूं नये हा त्याचा हेतु होता. परंतु दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली, आणि ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं असा शेतकरी त्यावर अंगठा उठवी. न्यायालयांत तो रोखा बोले. शेतकऱ्याचें तोंड चालत नसे. आतां कागद कां जाळले, तें कळून येईल. जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं, परंतु ज्याच्या बळावर आपली जमीन जाते, तो कागदच त्या लोकांना वैरी वाटला.

दंग्यानंतर सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचे कर्जरोखे नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लिहून नोंदवावे, असें त्यांत ठरविण्यांत आलें. कागद जाळून जें साधलें नाहीं, त्याचा कांहीं अंश कागद उघडपणें लिहिला व वाचला जाऊं लागल्यावर साधला.

विद्यार्थी मित्रहो, या हकीकतींत आग एकाच दिवसाची आहे, आणि मोजणीची सांखळी चाळीस वर्षांची आहे. पडदा आग फार उत्तम दाखवील. उन्हांत शेताच्या बांधावरून ओढली जाणारी सांखळी, मातीची खोली पाहण्यासाठीं खणलेला खड्डा, रोख्यावरील व्याजाचा आंकडा, हें तो क्वचितच दाखवील. कारण तेवढ्यांत प्रेक्षक उठून जाईल. परंतु सांखळीवांचून आगीचा अर्थ लागत नाहीं. ज्यानें केवळ आग पाहिली तो म्हणेल, ‘शेतकरी आडदांड होते,’ किंवा ‘सावकार दुष्ट होते,’ आणि तेवढ्यावर राग धरून बसेल. ज्यानें सांखळीहि पाहिली त्याला सारा, भाव, कायदा आणि निरक्षरता हीं चारहि दिसतील, व त्याचा राग समजुतींत पालटेल. इतिहासावरून माणसामाणसांत तंटे होण्याच्या या दिवसांत ही समजूत लहान गोष्ट नव्हे.

तेव्हां वाहिनी पाहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. घरबसल्या मुलाला पिरॅमिड व समुद्राच्या तळींचीं गलबतें पाहावयास मिळतात, ही मोठीच सोय आहे, आणि आमच्या लहानपणीं ती इतकी सुलभ नव्हती. मात्र पाहतांना तीन प्रश्न जवळ ठेवावे. हें चित्र कोठून आलें: त्या काळचें आहे, कीं आज रचिलेलें? सांगणारा हें कशाच्या आधारें सांगतो: पत्र, शिलालेख, दप्तर, कीं नुसती ‘असें म्हणतात’ एवढी साक्ष? आणि या प्रसंगापूर्वीं चाळीस वर्षें काय चाललें होतें? पहिल्या दोन प्रश्नांनीं खोटें गळून पडतें. तिसऱ्यानें खरें पुरें होतें.

यापुढचा अभ्यास घराबाहेर आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूर येथें लढाईंत पडले. त्या लढाईचा सन निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळा आढळतो. तो कां, हें शोधून पाहणें हा दहा मालिकांच्या तोलाचा धडा आहे. बारामतींत मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) कऱ्हाकांठीं राहून आर्या रचिल्या. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यांत जुनें पळसदेव गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे तेथील देऊळ उघडें पडतें. आणि पुण्यास पेशवे दप्तर व १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आपल्या जिल्ह्याचे जुने कागद तेथें जतन केलेले आहेत.

पालकांस एक विनंती आहे. येत्या सुटींत एखाद्या सायंकाळीं पडदा अर्धा तास बंद ठेवून घरांतील सर्वांत जुना सातबारा, खरेदीखत किंवा कर्जाचा कागद काढावा, आणि तो मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. नांवें कोणाचीं, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, आणि शेवटीं सही आहे कीं अंगठा, हें त्याला विचारावें. जेथें अंगठा असेल तेथें थोडें थांबावें, व तो कोणाचा हें त्याला सांगावें.