घोड्याला गवत जाळीतून द्या

लग्नसराईच्या दिवसांत आमच्या भागातील एका घरी जाण्याचा योग आला. शेती दोन एकर. पण घराचा खरा आधार वरातीची घोडी. दोन दिवसांपासून ती दावणीचे लाकूड कुरतडत होती, हरभऱ्याला तोंड लावत नव्हती आणि मधूनमधून मान वळवून कुशीकडे पाहत होती. मी आधी पशुवैद्यांना निरोप धाडला. कुशीकडे पाहणारी घोडी ही उद्यावर टाकायची गोष्ट नव्हे.

मालक म्हणाला, "साहेब, खायला कमी नाही हो. सकाळी भारा टाकतो, सांजेला भारा टाकतो."

"सकाळचा भारा किती वेळ पुरतो?"

उत्तर त्याच्या आईने दिले, "माझ्या भाकऱ्या होईस्तोवर संपतो की! मग दिवसभर तशीच उभी असते बिचारी."

डॉक्टर आले, औषधोपचार झाले, घोडी वाचली. जाताना डॉक्टरांनी सांगितले, "चारा वाढवू नका, चाऱ्याचा वेळ वाढवा." त्या एका वाक्यासाठी हा लेख.

घोडा म्हणजे गाय नव्हे

गाय-बैल चारा भराभर पोटात भरतात आणि मग निवांत बसून रवंथ करतात. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातच शंभर लिटरहून अधिक मावते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. त्यात आम्ल मात्र रात्रंदिवस पाझरत असते, पोटात अन्न असो वा नसो. या आम्लाला शांत करते ती लाळ. आणि घोड्याला लाळ सुटते ती केवळ चावताना. मोकळ्या कुरणातला घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो तो हावरटपणाने नव्हे. त्याच्या पोटाची रचनाच तशी आहे.

आपण त्याला आगाडी-पिछाडी लावून बांधतो आणि दोन वेळा जेवू घालतो. एक किलो वाळले गवत खायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. एक किलो दाणा मात्र दहा मिनिटांत फस्त होतो. मग उरलेले तास रिकामे. यातूनच जठरात व्रण पडतात, लाकूड चावण्याची व हवा गिळण्याची खोड लागते आणि पोटशूळाचा धोका वाढतो. घोड्याला उलटीही करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जाळीने काय साधते?

गवत बारीक भोकांच्या जाळीत भरले, की घोड्याला ते ओठांनी चिमूटचिमूट ओढून खावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. घोड्याच्या वजनाच्या १ टक्का गवत जमिनीवर टाकले तेव्हा ते सुमारे ३.१ तासांत संपले. १५ सेंटिमीटर भोकांच्या जाळीत ३.४ तास लागले, ४.४ सेंटिमीटरच्या जाळीत ५.१ तास आणि ३.२ सेंटिमीटरच्या जाळीत ६.५ तास. गवत तेवढेच, वेळ दुप्पट! मोठ्या भोकांच्या जाळीने विशेष काही साधत नाही, हेही यातून दिसते. शिवाय शेण-मुतात तुडवून वाया जाणारे गवत वाचते, तो फायदा वेगळाच.

घरी जाळी कशी करावी?

सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या नायलॉन दोरीची, ४ ते ५ सेंटिमीटर भोकांची जाळी घ्यावी. मासेमारीचे बारीक तंगूस वापरू नये. ते तोंडाला कापते. पाच फूट लांब व तीन फूट रुंद तुकडा मधोमध दुमडून दोन्ही कडा दोरीने शिवाव्यात आणि तोंडाशी नाडीसारखी दोरी ओवावी. दोन-तीन किलो गवत मावेल अशी पिशवी तयार होते.

दुसरा प्रकार पिंपाचा. प्लास्टिकचे पिंप दोन फूट उंचीवर कापून कड घासून गुळगुळीत करावी. पाणी निघून जाण्यास तळाला भोके पाडावीत. गवत भरून वरून जाळी सैल बांधावी, म्हणजे गवत खाली जाईल तशी जाळीही खाली जाते. पिंप खांबाला पक्के बांधावे. कीटकनाशकाचे वा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी या कामी घेऊ नये.

जाळीत लांब वाळले गवतच भरावे. कुट्टी गळून पडते. कुट्टी किंवा दाणा द्यायचा असेल, तर गव्हाणीत घोड्याच्या तोंडात मावणार नाहीत असे नदीतले मोठे, गुळगुळीत गोटे ठेवावेत. गोट्यांच्या आडून टिपून खावे लागते आणि घाई आपोआप मोडते.

विकतची साधने

बाजारात बिनगाठीच्या जाळ्या, तसेच जाळीचे झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पेट्या मिळतात. जाळी टिकाऊ व दातांना मऊ असते. पेटी महाग, पण घोडा मान खाली घालून, चरल्यासारखा खातो आणि धूळ नाकाडोळ्यांत जात नाही. लोखंडी जाळीचे झाकण टाळावे. दात व हिरड्या घासतात. एकदोन घोड्यांसाठी घरची जाळी व पिंप पुरेसे आहे.

ही काळजी घ्यावी

नाल ठोकलेल्या घोड्याचा पाय जाळीत अडकण्याची भीती असते. म्हणून जाळी रिकामी होऊन लोंबली तरी छातीच्या खाली येणार नाही, अशी उंच बांधावी, किंवा पिंप वापरावे. जाळी खांबाला थेट न बांधता मध्ये सुतळीचा फास ठेवावा. ओढ बसली तर सुतळी तुटते, पाय वाचतो. मोरकीची कडी जाळीत अडकत नाही ना, ते पाहावे. शिंगरांना व दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्यांना जाळी लावू नये.

पहिला आठवडा थोडे गवत बाजूला मोकळेही टाकावे. एकदम जाळी लावल्यास घोडा चिडतो. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो वाळला चारा लागतो. तो काट्यावर तोलून तीन जाळ्यांत विभागावा आणि रात्रीची जाळी सर्वांत मोठी ठेवावी. गवत बुरसटलेले नसावे, पाणी सदैव समोर असावे. माथेरान, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असणाऱ्या घोड्यांसाठीही थांब्यावर एक जाळी सहज टांगता येईल.

त्या घरी जाळी बांधली, तेव्हा म्हातारी रागावली होती : "खायला द्यायचं आन् वर बांधून ठेवायचं, ही कसली रीत?" महिन्याने गेलो, तर दावणीच्या लाकडाला नवा दात लागलेला नव्हता. घोडी संथपणे गवत ओढत होती आणि म्हातारी रात्रीची जाळी स्वतः भरत होती. मला पाहून म्हणाली, "आता माझं जेवण उरकतं, पण हिचं चालूच असतं."

घोड्याचे असेच चालू असायला हवे.